रेघ ताऱ्याची की यजमानाची

माझ्या संशयी स्वभावाला घरातले सगळे कंटाळलेले आहेत. दूधवाल्याचं माप, गॅसच्या टाकीचं सील, पाहुण्यांचं 'आम्ही जेवूनच आलोय', यांतलं काहीही मी पहिल्या खेपेला खरं मानत नाही. आमचे हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. ते म्हणतात, तू देवळात प्रसादसुद्धा आधी हुंगून बघतेस. खरं आहे. पण याच स्वभावाचा मला एकतीस वर्षं पगार मिळाला, हेही खरं आहे. अंकासाठी कामाबद्दल काही लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, माझं नाव तुम्हाला कोणी सुचवलं? त्यांनी काही सांगितलं नाही. तरी लिहिते आहे.

जालना रोडवरच्या एका लहानशा संशोधन केंद्रात मी कामाला होते. घुमट नाही, जिना चढून जायची दुर्बीण नाही. दोन खोल्या, सहा संगणक आणि मार्चपासून खडखडणारा एक कूलर. ताऱ्यांचं काम म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई रात्रभर गच्चीवर बसत असणार. आमची दुर्बीण अवकाशात होती, आणि 'आमची' हे आपलं म्हणायचं, होती ती परक्यांची. तिनं घेतलेली निरीक्षणं संगणकावर येत आणि मी साडेदहा ते साडेपाच, मध्ये डबा खाऊन, ती साफ करत असे. साफ करणं म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा उजेड त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उजेडातून वेगळा काढणं.

जरा समजावून सांगते. एखादा तारा स्फोट होऊन मरतो, त्याला अतिनवतारा म्हणतात. काही आठवडे तो असा झळकतो की कोट्यवधी ताऱ्यांच्या वस्तीत, म्हणजे दीर्घिकेत, एकटा उठून दिसतो. त्याचा उजेड लोलकातून पसरवला की रंगांचा एक पट्टा मिळतो. त्याचं नाव वर्णपट. या पट्ट्यात कुठं काळ्या खाचा असतात, कुठं उजळ रेघा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघेची जागा ठरलेली आहे. रेघा वाचल्या की मेलेल्या ताऱ्यात काय काय होतं ते कळतं.

अडचण अशी, की तारा ज्या दीर्घिकेत राहतो तिचा उजेडही त्याच पट्ट्यावर येऊन पडतो. तिला यजमान दीर्घिका म्हणतात. माझे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळं यजमान हा शब्द माझ्या घरचाच. यजमानाच्या घरातलं नेमकं काय कुणाचं आहे ते बाहेरच्याला सहसा कळत नाही, हेही मी लहानपणीच पाहिलेलं.

मग वेगळं कसं काढायचं? पूर्वी तेल आणायला गेलं की दुकानदार आधी आपल्या रिकाम्या डब्याचा धडा करायचा आणि मग त्यात तेल ओतून तोलायचा. डब्याचं वजन गेलं की उरलं ते तेल. आमचंही तसंच. तारा पेटलेला असताना एक पट्टा घ्यायचा, तो विझल्यावर त्याच जागेचा दुसरा घ्यायचा आणि दुसरा पहिल्यातून वजा करायचा. उरतो तो निव्वळ ताऱ्याचा उजेड.

हा दुसरा पट्टा बरोबर एका वर्षानं घ्यावा लागतो. दुर्बिणीला आपल्या सौरपट्ट्या सूर्याकडं धरून ठेवाव्या लागतात. त्यामुळं एखाद्या दीर्घिकेकडं ती ज्या कोनात मान करून बघते, तो कोन वर्षानंच परत येतो. कोन बदलला तर प्रत्येक ताऱ्याचा पट्टा वेगळ्याच दिशेला पसरतो, भलतेच शेजारी आपल्या पट्ट्यावर येऊन पडतात आणि सरळ वजाबाकी जमत नाही. एक वर्ष झालं, तीच तिथी आली, गेलेल्याच्या नावानं करायचं. म्हणून आमच्या केंद्रात या दुसऱ्या निरीक्षणाला वर्षश्राद्ध म्हणत. नाव मीच पाडलं होतं. परदेशातल्या लोकांबरोबर बैठक असली की आमच्यातला कोणीतरी 'श्राद्ध झालं का' असं बोलून जायचा, आणि तिकडच्यांना ते एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव वाटायचं.

माझा दबदबा तयार झाला तो एका ठिपक्यामुळं. आमच्या गटात युरोपातले एक नामांकित प्राध्यापक होते. त्यांना एका अतिनवताऱ्याच्या पट्ट्यात अशा जागी ठळक रेघ दिसली जिथं आजवर कोणालाच दिसली नव्हती. अभिनंदनाच्या मेलांचा पाऊस सुरू झाला. मी आपली गप्प. मला त्या रेघेचा गोलपणा खुपत होता. त्याच जागेची वेगळ्या कोनातली थोडी निरीक्षणं पडून होती, ती मी मागवून घेतली आणि साफ केली. ताऱ्याची रेघ असती तर पट्टा वळल्यावर ती पट्ट्याबरोबर वळली असती. ही मागंच राहिली. लोलकातून न पसरता सरळ आलेला तो शेजारच्या एका ताऱ्याचा ठिपका होता, नेमका आपल्या पट्ट्यावर येऊन बसलेला. प्राध्यापक दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी चॉकलेटचा एक डबा पाठवला. मी आधी त्यावरची तारीख पाहिली.

त्यानंतर गटात नियम झाला. नवी रेघ कोणालाही दिसो, ती संभाजीनगरच्या बाईंनी तपासून सही केल्याशिवाय बाहेर जायची नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. बऱ्याच जणांच्या हातातलं पेढ्याचं पुडकं मी खाली ठेवायला लावलं आणि प्रत्येक वेळी बरोबर निघाले. सतत बरोबर निघण्याचा माणसावर जो परिणाम होतो, तो माझ्यावरही झाला. मला वाटायला लागलं की मी संशय घेतला म्हणजे तिथं काहीतरी असणारच.

शीतल आमच्याकडं पीएच.डी.ला आली ती पिशोरहून. घरी मका आणि अद्रकीची शेती, कन्नडला बारावी, शहरात वसतिगृहात राहून एम.एस्सी. शिकवलेलं एकदाच ऐकायची आणि पुन्हा विचारायला यायची ती थेट अवघड प्रश्न घेऊन. तिचे वडील एकदा तिला भेटायला आले तेव्हा माझ्यासाठी पिशवीभर अद्रक घेऊन आले होते. मी ती घेतली नाही. जिच्या कामावर आपल्याला सही करायची आहे, तिच्या वडिलांकडून काही घेऊ नये, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते 'बरं म्याडम' म्हणाले आणि पिशवी परत घेऊन गेले. तेव्हा मला मी फार तत्त्वाची बाई वाटले होते.

शीतलची एक लकब होती. खात्री नसली की ती पुस्तकी बोलायची, 'असं असण्याची शक्यता नाकारता येत नाही' वगैरे. खात्री असली की पिशोरचं बोलणं बाहेर यायचं. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला वाटायचं, हट्टाला पेटली की ही गावाकडचं बोलते.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या आधीची गोष्ट. एका अतिनवताऱ्याचा पट्टा साफ करताना तिला हायड्रोजनची रेघ दिसली. बारीक, पण सरळ आणि स्वच्छ. अतिनवताऱ्यांच्या जाती असतात, आणि हा ज्या जातीचा होता तिची ओळखच मुळी अशी की तिच्यात हायड्रोजन नसतो. आता ही रेघ खरोखर ताऱ्याची असली तर त्याचा अर्थ मरण्याआधी त्याच्याभोवती कुठूनतरी हायड्रोजनचा वायू जमलेला होता, आणि स्फोट त्या वायूवर जाऊन आदळत होता. हे तारे नेमके कशानं मरतात, या जुन्या वादात ती एक साक्षच झाली असती. शीतलच्या प्रबंधाचं ते मुख्य प्रकरण होणार होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत तिला जागा मिळायची होती, तीही या प्रकरणावरच अवलंबून होती. तिकडचे लोक तसं तिला स्पष्ट बोलले होते.

ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "म्याडम, ही रेघ ताऱ्याचीच हाय."

मी चष्मा पुसला. हायड्रोजनची बारीक रेघ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. जिथं नवे तारे जन्मतात त्या वायूच्या ढगांतून ती निघतेच, आणि असे ढग कुठल्याही यजमान दीर्घिकेत जागोजागी असतात. दहापैकी नऊ वेळा अशी रेघ घरची निघते, ताऱ्याची नाही. त्यात समोर बसलेल्या मुलीची पुढची दोन वर्षं त्या रेघेवर टांगलेली. ज्याला जे हवं असतं त्याला ते दिसतं, हा माझा अनुभव होता. मी तिला सरळ विचारलं, तुला ही रेघ ताऱ्याची असायला हवी आहे का गं?

"हवी तर हायच, म्याडम. पण मला हवी हाय म्हणून ती तिथं आलेली नाय."

इतकं खरं उत्तर मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं. युरोपातल्या प्राध्यापकांनी तर 'मी पूर्णपणे तटस्थ आहे' असं लिहिलं होतं. पण शीतलचं 'हवी तर हायच' एवढंच मी लक्षात ठेवलं आणि तिच्याविरुद्ध वापरलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत सही नाही, असं सांगून मी फाईल मिटली.

वर्ष गेलं. दुसरा पट्टा आला. त्यात ताऱ्याच्या रुंद खाचा नव्हत्या, ताऱ्याचा म्हणून ओळखावा असा उजेड नव्हता. हायड्रोजनची रेघ मात्र होती तिथंच होती. मला हायसं वाटलं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. हिशोब सरळ होता. तारा गेला, रेघ राहिली, म्हणजे रेघ यजमानाची. मी वजाबाकी केली. शीतलच्या पट्ट्यातली रेघ नाहीशी झाली. तिथं काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये, इतकी.

शीतलनं तिथंच पडद्यासमोर दोन मुद्दे काढले. पहिला ऑक्सिजनचा. याच दीर्घिकेतल्या बाकीच्या ढगांत हायड्रोजनच्या जोडीला ऑक्सिजनची रेघ दिसते, मग या एकाच जागी हायड्रोजन एकटा का? मी म्हटलं, ऑक्सिजनच्या जागेवर नेमका शेजारच्या ताऱ्याचा पट्टा आडवा आलेला आहे, तिथलं काहीच धरता येत नाही. त्यावर तिनं दुसरा मुद्दा काढला. वेगळ्या कोनातलं एक निरीक्षण आहे, त्यात शेजारी बाजूला होतो, ते साफ करून बघू. ते निरीक्षण मला माहीत होतं. थोडा वेळच घेतलेलं, फार गोंगाटाचं. मी म्हटलं, त्यातून काही निष्पन्न होणार नाही.

मग ती म्हणाली, "म्याडम, तारा गेलाय हे तरी कशावरून?"

मी हसले. तिच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं, कारण त्याची निदान मी लगेच माफी मागितली असती. मी हसले आणि म्हटलं, वर्ष झालं ना, शीतल.

यात एक गोष्ट अशी आहे जी मी आमच्या ह्यांनासुद्धा बरेच दिवस सांगितली नव्हती. त्याच महिन्यात पुण्याच्या एका मुलाची अशीच एक रेघ माझ्याकडं तपासायला आली होती. चांगला मुलगा, फर्डा बोलणारा, वडीलही प्राध्यापक. त्याच्यासाठी वेगळ्या कोनातलं निरीक्षण मी स्वतःहून शोधलं आणि स्वतः साफ केलं. तेही गोंगाटाचंच होतं. त्यानं मागितलंसुद्धा नव्हतं. त्याची रेघ शेवटी खोटी निघाली, तो भाग वेगळा. पण त्याला ही सवलत का, आणि शीतलनं मागूनही तिला का नाही? मी उभ्या आयुष्यात सगळ्या जगावर संशय घेतला, पण हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

शीतलचं प्रकरण प्रबंधातून निघालं. पदवी मिळाली, पण उरलेला प्रबंध किरकोळ होता. दक्षिणेतली जागा दुसऱ्या कोणाला गेली. जाताना तिनं सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिला, आणि ती कन्नडला कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण रेघ खोटी होती त्याला मी काय करणार, असं मी मनाला सांगितलं आणि मन ते ऐकून घेत राहिलं.

निवृत्तीला तीन महिने राहिले तेव्हा मी जुन्या फायली आवरायला घेतल्या. एखादं काम बंद करण्याआधी त्या जागेची नवी निरीक्षणं आली आहेत का ते बघायचं, ही माझी सवय. शीतलच्या दीर्घिकेची आली होती. दुसऱ्याच कोणत्यातरी कामासाठी दुर्बिणीनं तिकडं पुन्हा पाहिलं होतं, तोच कोन, बऱ्याच वर्षांनी. मी पट्टा काढला. हायड्रोजनची रेघ नव्हती.

पहिला संशय अर्थातच दुर्बिणीवर. जुनी झाली, तिचं उपकरण मंद झालं असेल. मग जागेवर, नेम चुकला असेल. मग साफ करायच्या प्रोग्रॅमवर, तो मधल्या काळात बदलला होता. अकरा दिवस मी एकेक संशय घेऊन तपासत बसले. हे जेवायला हाक मारायचे आणि मी आले आले म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं काय ते कळावं म्हणून संशय घेत नव्हते. आपण सुटावं म्हणून घेत होते. एकही टिकला नाही. त्या दीर्घिकेतल्या बाकीच्या ढगांच्या रेघा जशाच्या तशा होत्या, तेवढी एकच विझली होती. आणि दीर्घिकेतले ढग काही वर्षांत विझत नाहीत. त्यांना लाखो वर्षं लागतात.

बाराव्या दिवशी मी ते वेगळ्या कोनातलं जुनं निरीक्षण उघडलं, ज्यातून काही निष्पन्न होणार नव्हतं. दुपारच्या चहाच्या आत साफ झालं. गोंगाट होता, पण ऑक्सिजन नव्हता एवढं नक्की दिसत होतं. अर्ध्या दिवसाचं काम.

मी धडा केला तो डबा रिकामा नव्हता. ताऱ्याचा स्फोट त्याच्याभोवतीच्या हायड्रोजनवर वर्षभरानंतरही आदळतच होता. बाकीचा तारा विझला होता, तेवढी एक रेघ जिवंत होती, आणि मी तिला घरची समजून तिच्यातूनच तिला वजा केलं होतं. माझी वजाबाकी बिनचूक होती, म्हणूनच तर उत्तर शून्य आलं. जगातल्या प्रत्येक पट्ट्यावर मी संशय घेतला, पण ज्याच्या जोरावर घेत होते त्या पट्ट्यावर कधी घेतला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. आमचे हे घाबरले, त्यांना वाटलं पेन्शनचं काहीतरी अडलं.

त्यांचं म्हणणं पडलं की मेल कर. पण मेल लिहायला बसले की माझी वाक्यं कोर्टात जबानी दिल्यासारखी व्हायला लागली. शेवटी सगळे पट्टे छापून पिशवीत घातले आणि कन्नडची एसटी धरली. वेरूळ मागं पडेपर्यंत काय बोलायचं ते मनात दहा वेळा रचलं आणि मोडलं.

महाविद्यालयात शिपायानं प्रयोगशाळा दाखवली. आत बारावीचं प्रात्यक्षिक चालू होतं. शीतल टेबलाटेबलाशी जाऊन लोलक कसा बसवायचा ते दाखवत होती. अंग जरा भरलं होतं, केस मागं घट्ट बांधलेले. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं असेल तर तिनं ते दाखवलं नाही. मुलांना वाचनं लिहून घ्यायला सांगून ती मला शेजारच्या खोलीत घेऊन गेली आणि खुर्ची पुढं केली.

मी बसले नाही. पिशवीतून कागद काढले आणि सगळं एका दमात सांगितलं. रेघ ताऱ्याची होती, दुसऱ्या पट्ट्यातही ती ताऱ्याचीच होती, आता विझली आहे, आणि चूक सर्वस्वी माझी आहे. आपण लेख लिहू, तुझं नाव पहिलं, मी गटातल्या सगळ्यांशी बोलते, असंही म्हटलं.

तिनं कागद हातात घेतले नाहीत. "मला म्हाईत हाय, म्याडम," ती म्हणाली. "नवीन पट्टा सगळ्यांना खुला झाला त्याच आठवड्यात मी काढून बघितला."

सात महिने झाले होते. लगेच माझ्या मनात नेहमीचा किडा वळवळला. हिला सात महिन्यांपूर्वी कळलं, मग ही गप्प का? कोणाबरोबर लिहिते आहे? विचारायचा मला हक्क नव्हता, तरी मी विचारलंच. तिनं कपाट उघडून क्लिप लावलेला कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. पूर्ण लिहिलेला लेख, तिच्या एकटीच्या नावावर. मी म्हटलं, मग पाठवला का नाहीस?

"पाठवला तर तपासायला तुमच्याकडंच येणार. मी तुमच्या रिटायरमेंटची वाट बघत होते."

हे ती रागानं बोलली नाही. एसटीची वेळ सांगावी तसं बोलली, आणि मी खाली बसले.

मी म्हटलं, तुझा मुद्दा मला तेव्हा पटायला हवा होता. तिनं मान हलवली. "नाय म्याडम. मुद्दा तुमी ऐकलाच नाय. तुमी रेघेवर संशय घेतला असता तर दुसरा कोन बघितला असता. तुमी माझ्यावर घेतला."

मला लाज वाटली. कामातल्या चुकीची लाज मला माहीत होती. ही निराळी होती.

तिचा तास संपायचा होता. ती आत गेली आणि मी तो लेख वाचायला घेतला. काय सांगू, पहिल्या पानापासून मी सवयीनं चूक शोधत होते. वजाबाकी नव्या पट्ट्यानं केलेली होती, आणि त्या पट्ट्यात तरी तारा पूर्ण विझला आहे कशावरून, हे तिनं स्वतःच विचारून तीन तऱ्हांनी तपासलं होतं. ऑक्सिजन तपासलेला. वेगळा कोन तपासलेला, माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि तोही महाविद्यालयाच्या जुन्या संगणकावर. शेजारच्या खोलीतून मुलांना ओरडणारा तिचा आवाज येत होता, आणि मी पानामागून पान उलटत होते. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटून दुसऱ्या पानावर ती जागा सापडली. आधीच्या विश्लेषणात ही रेघ यजमान दीर्घिकेची मानली गेली आणि उपलब्ध असूनही दुसऱ्या कोनातलं निरीक्षण वापरलं गेलं नाही, एवढंच तिथं होतं. पुढच्या ओळीपासून शीतल आकड्यांकडं वळली होती.

शीतल हात पुसत परत आली. मी ते पान तिच्यापुढं धरलं. म्हटलं, बाकी लेखात मला काही सापडलं नाही, पण इथं एक गोष्ट राहिली आहे. ती लगेच सावध झाली, माझ्या शेजारी येऊन वाकली आणि ते वाक्य पुटपुटत वाचायला लागली. काय राहिलंय, असं तिनं विचारलं.

"हे कोणी केलं ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

ती वाकलेली होती ती सरळ झाली. राहू द्या म्याडम, त्यानं निष्कर्षात काही फरक पडत नाही, असं म्हणाली, आणि ते अगदी पुस्तकी मराठीत म्हणाली. मी तिच्या ॲप्रनच्या खिशाला लावलेलं पेन मागितलं. तिनं दिलं. समासात बाण काढून मी माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि कागद तिच्याकडं सरकवला.

शीतलनं ते वाक्य माझ्या नावासह पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आता बरोबर हाय."